वीस पाकिटांच्या रांगेत आपलाच मसाला ग्राहकाने का उचलावा?

सातारा जिल्ह्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन जावा आणि एक शेजारीण अशा तिघी मिळून त्या कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, चटण्या, पापड, सांडगे अशी बावीस उत्पादने करतात. प्रदर्शनात त्यांचा माल हातोहात खपतो आणि चव घेणारा प्रत्येक जण कौतुक करतो. परंतु कराड आणि पुणे येथील किराणा दुकानांत ठेवलेली पाकिटे महिनोन्महिने जागची हलत नाहीत. अशा वेळी भाव उतरवावा, पाकीट बदलावे, की ऑनलाइन विक्रीकडे वळावे, असे त्यांनी विचारले आहे. मसाले आणि लोणची-पापडांच्या लहान उद्योगांबरोबर अनेक वर्षे काम करताना हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत माझ्यासमोर आलेला आहे. माझ्या मते या तिन्ही उपायांपैकी एकही पहिला उपाय नव्हे.

आधी पाकिटावर काय छापले आहे ते पाहू. ताईंच्या म्हणण्यानुसार समोरच्या बाजूला उद्योगाचे नाव, डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रीचे चित्र आणि ‘अस्सल घरगुती चव, १०० टक्के शुद्ध, पारंपरिक पद्धत’ हा मजकूर आहे. दुकानातील त्याच फळीवर उभ्या असलेल्या इतर पाकिटांपैकी निम्म्यांवर तरी थोड्याफार फरकाने हाच मजकूर असणार. जो दावा सगळेच करतात त्याने कोणीही वेगळे ठरत नाही. उलट ग्राहकाची नजर अशा शब्दांवरून न थांबता पुढे सरकते. शिवाय ‘घरगुती’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ यांसारखे शब्द दिशाभूल होईल अशा रीतीने वापरण्यावर अन्नसुरक्षेच्या नियमांचे बंधन आहे, आणि ‘१०० टक्के’ हा शब्दप्रयोग लेबलवर व जाहिरातीत टाळावा, असे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ मध्ये उद्योगांना कळवलेले आहे. म्हणजे जो मजकूर विक्रीला मदत करत नाही, तोच उद्या नोटिशीचे कारण ठरू शकतो. तो काढून टाकण्यात काहीही गमावण्यासारखे नाही.

त्या जागी काय लिहावे, हे ठरवण्यासाठी आपली स्पर्धा कोणाशी आहे हे नीट ओळखावे लागते. मोठ्या कंपनीचे पाकीट हा आपला प्रतिस्पर्धी, असे बहुतेक लहान उत्पादक धरून चालतात. कांदा-लसूण मसाल्याच्या बाबतीत ते खरे नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून पुणे, पिंपरी-चिंचवड किंवा मुंबईला गेलेल्या कुटुंबांत वर्षाचा मसाला उन्हाळ्यात गावाकडून येत असे, आणि अजूनही अनेक घरांत येतो. ज्या घरात तो येतो, तिथे आपले पाकीट कितीही सुंदर असले तरी शिरणार नाही. परंतु दरवर्षी अशी काही घरे निघतात जिथे हा पुरवठा थांबतो : सासूबाईंना आता भाजणे-निवडणे झेपत नाही, गावचे घर बंद झालेले असते, आणि सदनिकेत मिरच्या भाजायच्या तर सगळा जिना खोकू लागतो. या घराला मसाल्याची चव शिकवावी लागत नाही. चव जिभेवर पक्की असते, मसाला तेवढा नसतो. बाजारातील पाकीट त्यांनी नाइलाज म्हणून स्वीकारलेले असते आणि दर वेळी रस्सा खाताना कोणीतरी ‘गावच्यासारखे नाही’ असे म्हणतच असते. तुमचा पहिला ग्राहक हे घर आहे. ज्याने हा मसाला कधी खाल्लेला नाही, अशा ग्राहकाकडे नंतर जाता येईल. त्याला समजावण्याचा खर्च मोठ्या कंपनीला परवडतो, तुम्हाला परवडत नाही.

आता या घरातील बाई मसाला घेताना काय विचारेल, त्याची कल्पना करा. ती ‘शुद्ध आहे का’ असे विचारणार नाही, कारण त्याचे उत्तर सगळे ‘हो’ असेच देतात हे तिला ठाऊक आहे. मिरची कोणती आणि कशाच्या किती प्रमाणात, हे ती विचारेल. रंगासाठी बेडगी किती आणि झणक्यासाठी लवंगी किंवा संकेश्वरी किती. कांदा वाळवून घातला की तळून. खोबरे किती भाजले. तीळ आणि धने आहेत का. आणि शेवटी, कांडप कधी केले. हीच माहिती पाकिटाच्या समोरच्या बाजूला यायला हवी, आणि ती अशा शब्दांत यावी की स्वयंपाकघरात तिचा पडताळा घेता येईल. ‘बेडगी तीन भाग, संकेश्वरी एक भाग, मध्यम तिखट, अर्धा किलो मटणाच्या रश्श्याला तीन सपाट चमचे’ या एका ओळीत कोणतेही विशेषण नाही, तरीही ती शेजारच्या पाकिटापासून तुमचे पाकीट वेगळे करते. प्रमाण उघड केले तर कोणी नक्कल करील, ही भीती मला नेहमी ऐकवली जाते. भाजण्याचा हात, खड्या मसाल्याचा तपशील आणि क्रम तुमच्याकडेच राहतो. मिरचीचे प्रमाण सांगितल्याने जे मिळते ते जाणाऱ्यापेक्षा पुष्कळ मोठे आहे.

त्यातही कांडपाची तारीख हे तुमच्या हातातील सर्वांत बळकट साधन आहे. उत्पादनाची तारीख छापणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे ती प्रत्येक पाकिटावर कोठेतरी मागच्या बाजूला, फिकट शाईत असतेच. तुम्ही ती समोर, ठळक अक्षरांत, ‘कांडप : १२ एप्रिल’ अशी लिहा. मोठ्या कारखान्याचा माल गोदाम, घाऊक विक्रेता आणि वितरक यांच्यामार्फत दुकानात पोहोचतो. त्यात जाणारा काळ पाहता तारीख समोर मिरवणे त्यांच्या फारसे सोयीचे नसते. तुम्ही मात्र पंधरा दिवसांपूर्वी कांडलेला मसाला फळीवर ठेवू शकता. लहान असणे ही बहुतेक ठिकाणी अडचण असते. येथे तीच गोष्ट मोठ्यांना न जमणारी आहे.

या तारखेमागे शास्त्रही आहे, आणि ते ग्राहकाला समजावून सांगण्यासारखे आहे. कांदा-लसूण मसाल्यात सुके खोबरे, तीळ आणि तळणीचे तेल असते. मसाला कुटला की या तेलाचा हवेशी संबंध येणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, प्राणवायूमुळे तेलाचे विघटन सुरू होते आणि मसाला नीट हवाबंद नसेल तर काही महिन्यांत खवट वास येऊ लागतो. मिरचीचा लाल रंग ज्या द्रव्यांमुळे असतो तीही प्रकाश आणि हवा यांमुळे फिकी पडतात. कांदा-लसूण नीट वाळले नसतील तर ओलाव्यामुळे गाठी होतात आणि बुरशीचा धोका राहतो. म्हणूनच पाकीट बदलायचे असेल तर ते शोभेसाठी न बदलता या कारणासाठी बदला. सध्या कागदी दिसणाऱ्या, मध्ये पारदर्शक खिडकी असलेल्या पिशव्यांची फार आवड आहे. मसाला दिसतो म्हणून ग्राहक आकर्षित होतो हे खरे, परंतु त्याच खिडकीतून प्रकाश आत जातो आणि दुकानाच्या दर्शनी भागात महिनाभर राहिलेला मसाला विटकरी दिसू लागतो. अॅल्युमिनियमच्या पातळ थराची, पक्की शिवण होणारी अपारदर्शक पिशवी तेलकट मसाल्याला अधिक योग्य आहे. रंग दाखवायचाच असेल तर तुमच्याच मसाल्याच्या रश्श्याचे खरे छायाचित्र छापा. पदर घेतलेल्या स्त्रीला रजा द्यायला हरकत नाही.

‘सगळे कौतुक करतात’ या वाक्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. प्रदर्शनात समोर उभ्या असलेल्या बाईने चव देऊ केल्यावर ‘छान आहे’ म्हणणे हा शिष्टाचार आहे. त्यावरून उत्पादन वेगळे आहे असे सिद्ध होत नाही. खाद्यउद्योगात यासाठी एक साधी, जुनी परीक्षा वापरतात. एकाच रीतीने केलेल्या रश्श्याच्या तीन वाट्या घ्यायच्या. दोन वाट्यांत एकच मसाला आणि तिसरीत दुसरा. कोणती वाटी कोणाची हे न सांगता, चाखणाऱ्याने फक्त वेगळी वाटी ओळखायची. वाट्यांचा क्रम प्रत्येकासाठी बदलायचा. १२ जणांना बसवले तर नुसत्या अंदाजाने सरासरी ४ जणांचे उत्तर बरोबर येईलच; किमान ८ जणांनी वेगळी वाटी अचूक ओळखली, तरच दोन मसाल्यांतील फरक जिभेला जाणवतो असे मानण्यास आधार आहे. तुमचा मसाला आणि दुकानात सर्वाधिक खपणारा मसाला यांची ही परीक्षा करून पाहा. फरक ओळखू आला तर त्या लोकांनाच तो शब्दांत सांगायला लावा. तेच शब्द तुमच्या पाकिटावर शोभतील. फरक ओळखू आला नाही तर पाकिटाच्या आणि भावाच्या सगळ्या चर्चा थांबवून प्रथम भट्टीकडे वळावे लागेल.

हीच परीक्षा तुमच्या मागच्या आणि नव्या घाण्याच्या, म्हणजे एका वेळी केलेल्या मालाच्या, मसाल्यावरही करा, आणि येथे मात्र फरक ओळखू येता कामा नये. मिरची हे शेतातील पीक आहे; पाऊस, जमीन आणि तोडणी यांनुसार तिचा तिखटपणा व रंग दरवर्षी बदलतो. प्रमाण तेच ठेवूनही चव हलते. त्यामुळे प्रत्येक घाण्यातील पावभर मसाला हवाबंद डब्यात, तारीख लिहून, अंधाऱ्या जागी राखून ठेवावा, आणि नव्या घाण्याचा रंग, वास व तिखटपणा अलीकडच्या राखीव नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय माल बाहेर पाठवू नये. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन केली, ही गोष्ट सर्वांना पाठ असते. परंतु त्यातून घेण्यासारखी बाब वेगळी आहे. पापड घरोघरी लाटले जातात, पण पीठ मात्र केंद्रावर मळलेले असते आणि लाटलेले पापड तपासून घेतले जातात. हजारो हातांचे काम असूनही चव एक राहते ती या व्यवस्थेमुळे. तुम्ही तिघी आहात, आणि आज तिघींच्या हातचे मसाले थोडे वेगवेगळे लागतात, असे तुम्हीच लिहिले आहे. एकदा आवडलेली चव दुसऱ्या पाकिटात मिळाली नाही, तर ग्राहक तक्रार करत नाही. तो फक्त परत येत नाही.

बावीस उत्पादने हा आकडा वाचून मला काळजी वाटली. प्रत्येक उत्पादनाचे वेगळे लेबल, वेगळी मुदत, वेगळा शिल्लक साठा. आणि इतके सगळे मांडल्यावर बघणाऱ्याला तुम्ही कशासाठी प्रसिद्ध आहात तेच कळत नाही. माझा सल्ला असा की कांदा-लसूण मसाला हे मुख्य उत्पादन ठेवावे, त्याच्या सोबतीला गोडा मसाला आणि एखादी कोरडी चटणी ठेवावी, आणि उरलेली उत्पादने निदान एक वर्ष दुकानांत पाठवू नयेत. प्रदर्शनात ती ठेवायला हरकत नाही, कारण तेथे गर्दी थांबवण्यासाठी विविधता उपयोगी पडते. पुण्याची भीमथडी जत्रा किंवा मुंबईतील महालक्ष्मी सरस येथे येणारा माणूस फिरायला आलेला असतो. किराणा दुकानात येणारा माणूस यादी घेऊन आलेला असतो. एकाच मालाची एका ठिकाणी झटपट विक्री आणि दुसऱ्या ठिकाणी शांतता, याचे अर्धे उत्तर या फरकात आहे. उरलेले अर्धे असे की प्रदर्शनात तुम्ही स्वतः उभ्या असता आणि मिरचीबद्दल, कांडपाबद्दल बोलता. दुकानात ते बोलणे पाकिटाला करावे लागते, आणि आज ते पाकीट मुके आहे.

भावाविषयी हिशेबच मांडून दाखवतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत आणि कर बाजूला ठेवला आहे. समजा, २०० ग्रॅमचे पाकीट १४० रुपयांचे आहे आणि दुकानदाराला २० टक्के, म्हणजे २८ रुपये जातात. हातात येणाऱ्या ११२ रुपयांतून कच्चा माल, कांडप, पाकीट आणि वाहतूक यांचे ८७ रुपये वजा केले की २५ रुपये उरतात. आता भाव फक्त १० रुपयांनी उतरवून १३० केला, तर दुकानदाराचे २६ रुपये जाऊन १०४ येतात आणि उरतात केवळ १७. पूर्वी १०० पाकिटांत जी कमाई होत होती तिच्यासाठी आता सुमारे १४७ पाकिटे विकावी लागतील, म्हणजे जवळजवळ दीडपट भाजणे, दीडपट निवडणे आणि दीडपट उन्हात वाळवणे. १० रुपयांच्या फरकाने विक्री दीडपट होईल, असे मानायला आधार नाही, कारण मोठी कंपनी तुमच्याहून स्वस्तच राहणार आहे. पाकिटावर आता प्रतिग्रॅम भावही छापावा लागतो, त्यामुळे ग्राहक तुलना सहज करतो हे लक्षात ठेवा. तुमचा प्रतिग्रॅम भाव जास्त असेल तर त्याचे कारण त्याच पाकिटावर दिसले पाहिजे. भाव उतरवण्यापेक्षा ५० ग्रॅमचे पाकीट काढावे. एका रविवारच्या रश्श्यापुरता मसाला घेऊन पाहण्यात ग्राहकाला धोका वाटत नाही, आणि तेवढ्या रश्श्यावर तो पुढचा निर्णय घेतो.

आता जागेबद्दल. किराणा दुकानदाराच्या दृष्टीने तुमचे पाकीट हे वीसपैकी एक आहे आणि ज्यावर त्याला सूट अधिक मिळते तेच तो पुढे करणार; त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु कांदा-लसूण मसाल्याची गरज ज्या क्षणी डोक्यात येते, तो क्षण किराणा दुकानात येतच नाही. तो रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेत येतो. बुधवार, शुक्रवार, रविवार आणि आषाढाचा शेवट या दिवशी मटण-चिकनच्या दुकानात ५० ग्रॅमची पाकिटे गल्ल्याजवळ टांगलेली असली, तर तेथे शेजारी एकोणीस पाकिटे नसतात. बहुधा एकही नसते. असे करून पाहिलेल्या उद्योगांकडून मला सातत्याने चांगले अनुभव ऐकायला मिळाले आहेत. पावटा, मटकी, वांगी यांच्या हंगामात भाजीवाल्यांकडेही हेच करता येते. शहरातील वसतिगृहांत राहणाऱ्या, सातारा-कोल्हापूरकडच्या मुलांच्या खानावळी हे दुसरे ठिकाण. खानावळीला मोठे पॅक द्यावे आणि मालकाची हरकत नसेल तर फळ्यावर मसाल्याचे नाव लिहवून घ्यावे.

त्याहून महत्त्वाची वाट म्हणजे आगाऊ नोंदणी. ज्या घरांचा गावचा मसाला बंद झाला आहे, त्यांना पाकीट नको असते. त्यांना वर्षाचा पाच किलो मसाला हवा असतो, तोही त्यांच्या प्रमाणाचा. नवी मिरची बाजारात आली की फेब्रुवारीतच नोंदणी घ्या, तिखटपणा किती, खोबरे जास्त की कमी, हिंग हवा की नको, हे एका कागदावर लिहून घ्या, काही रक्कम आगाऊ घ्या आणि एप्रिलमध्ये त्या घराच्या नावाने कांडप करा. आगाऊ रकमेतून मिरचीची खरेदी निघते, म्हणजे कर्जाची गरज कमी होते. आणि पुढच्या वर्षी तोच कागद काढून ‘यंदाही हेच प्रमाण ठेवू ना?’ एवढे विचारले, तर ते घर सहसा दुसरीकडे जात नाही. कारखान्याला अशी नोंदवही ठेवणे शक्य नाही.

नावाकडे थोडे लक्ष द्यावे लागेल. ‘स्वाद’, ‘गृहिणी’, ‘अन्नपूर्णा’ या वळणाची नावे इतकी झाली आहेत की ती लक्षातही राहत नाहीत आणि त्यांवर हक्क मिळवणेही कठीण जाते. गुणवर्णन करणाऱ्या शब्दांची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी सहसा होत नाही. ट्रेड मार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच किंवा तसेच नाव आधी कोणी घेतले आहे का, हे विनामूल्य शोधता येते. मसाले ३० क्रमांकाच्या वर्गात येतात आणि नोंदणी १० वर्षांसाठी मिळते. नवे पाकीट छापण्यापूर्वी हा शोध घ्या, नंतर नव्हे. पिकांच्या भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे विशिष्ट भागातील पिकाच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाचा, उपयोगही डोळसपणे करावा : बेडगी मिरचीला मानांकन आहे, पण तुम्ही घेता ती मिरची खरोखर त्या भागातील आहे हे खरेदीच्या पावत्यांनी दाखवता आले, तरच त्या नावाचा उल्लेख ठळकपणे करा. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर येथे काही भारतीय मसाल्यांतील इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक रसायनाचा प्रश्न गाजल्यापासून ग्राहक अधिक चौकस झाले आहेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वर्षातून एकदा तपासणी करून तिचा अहवाल मागणाऱ्याला दाखवण्याची तयारी ठेवली, तर ‘शुद्ध’ हा शब्द छापण्याची गरज उरत नाही.

ऑनलाइन विक्रीबाबत माझे मत थोडे थंड आहे. मोठ्या संकेतस्थळांवर तुम्ही पुन्हा त्याच रांगेत उभ्या राहता, फक्त तेथे वीसऐवजी दोनशे पाकिटे असतात आणि कमिशन व वाहतूक मिळून लहान पाकिटाचा सगळा नफा जाऊ शकतो. जुन्या ग्राहकांना व्हॉट्सअॅपवर ‘शनिवारी कांडप आहे, रविवारनंतर पाठवू’ असा संदेश पाठवणे सध्या तुम्हाला पुरेसे आहे. परदेशातून मागणी येते म्हणून घाईने पार्सल पाठवू नका. निर्यातीसाठी आयात-निर्यात क्रमांक आणि मसाला मंडळाची नोंदणी लागते, आणि तो वेगळ्या वर्षाचा विषय आहे.

मोजमाप एकच ठेवा. प्रत्येक पाकिटावर घाण्याचा क्रमांक असू द्या आणि एका वहीत प्रत्येक दुकानाने, खानावळीने व घराने दुसऱ्यांदा कधी मागणी केली, तेवढे लिहा. पहिली खरेदी पाकिटामुळे किंवा ओळखीमुळे होते. दुसरी मसाल्यामुळे होते. ज्या दुकानातून तीन महिन्यांत दुसरी मागणी आली नाही, तेथून उरलेला माल स्वतः जाऊन परत आणा, कारण फळीवर शिळे होत चाललेले पाकीट जो कोणी अखेर उचलेल, तो तुमचा मसाला तसाच असतो असे समजेल. हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. जुनी पाकिटे संपेपर्यंत थांबण्याऐवजी ५० ग्रॅमच्या नव्या पाकिटांची छपाई थोड्या संख्येने करून घ्यावी आणि आषाढाच्या आधी ती निदान दोन मटणाच्या दुकानांत पोहोचवावी.